परक्याला वाचता येईल असे विद्यापीठ

एखादे विद्यापीठ आंतरराष्ट्रीय व्हायचे ठरवते तेव्हा सगळ्यांच्या मनात आधी बाहेर जाण्याचा विचार येतो. शिष्टमंडळ परदेशी जाते, दोन-चार विद्यापीठांशी सामंजस्य करार होतात, आवारात आंतरराष्ट्रीय कक्ष उघडतो. यात वाईट काही नाही. पण पाच वर्षांनी पाहावे तर वर्गातले शिकवणे होते तसेच असते, प्रयोगशाळेतले प्रश्न तेच असतात आणि करारांच्या फायली कपाटात असतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार 2021-22 साली देशात सव्वाचार कोटींहून जास्त विद्यार्थी शिकत होते. त्यांतले परदेशी सत्तेचाळीस हजारांच्या आत होते, म्हणजे हजारामागे जेमतेम एक. आपली मुले मात्र दरवर्षी लाखांनी बाहेर जातात. एवढी तफावत केवळ करार कमी पडले म्हणून झालेली नाही. तिचे कारण मला दुसरीकडे दिसते, आणि तेच इथे सावकाश उलगडून पाहायचे आहे.

माझे म्हणणे असे आहे. आपल्याला कधी न भेटलेल्या, आपली रीत ठाऊक नसलेल्या माणसाला ज्या विद्यापीठाचे काम वाचता येते, तपासता येते आणि हवे तर त्यात हातही घालता येतो, ते विद्यापीठ आंतरराष्ट्रीय असते. तो माणूस परदेशातलाच असला पाहिजे असे नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातला प्राध्यापकही असा परका असू शकतो. काम त्याच्यापुढे उघडे ठेवता आले तर देशाबाहेरच्यापुढेही ठेवता येते. ते जमले नाही, तर विमानाची तिकिटे काढून फरक पडत नाही.

हे कसे घडते याचे सर्वांत चांगले उदाहरण मला पुण्यातच दिसते. ते विद्यापीठातले नाही, एका संशोधन संस्थेतले आहे. पण विद्यापीठाने संशोधन कसे करावे याचा तसा धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हावी ही कल्पना मूळची युरोपातली. 1897 साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मोरित्झ विंटर्निट्झ यांनी ती मांडली. युरोपातल्या अकादमींनी मिळून काम हाती घेतले आणि 1908 मध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांनी नमुन्याची काही पाने छापून दाखवली. मग पहिले महायुद्ध आले, अकादमी एकमेकींच्या शत्रू-देशांत वाटल्या गेल्या आणि योजना बारगळली. 1919 च्या एप्रिलमध्ये तेच काम भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने पुण्यात सुरू केले. ती संस्था तेव्हा दोन वर्षांचीही झालेली नव्हती.

1925 मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजमध्ये गणित शिकून बर्लिनला ल्यूडर्सांच्याच हाताखाली तयार झालेला हा माणूस. परदेशातून तो एक शिस्त घेऊन आला होता. देशभरातून हस्तलिखिते गोळा होऊ लागली: शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतली. पुण्याबरोबर शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पाठ ताडून पाहण्याची केंद्रे उभी राहिली. एकंदर साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखिते या कामात वापरली गेली आणि 1966 मध्ये, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, मूळ संहितेचे काम पुरे झाले.

या आवृत्तीचे कोणतेही पान उघडून पाहावे. वर संपादकाने स्वीकारलेला पाठ असतो. त्याखाली बारीक टाइपात, पुष्कळदा पानाचा मोठा भाग व्यापून, नाकारलेले सगळे पाठभेद दिलेले असतात आणि कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे तेही खुणांनी सांगितलेले असते. जिथे संपादकाची स्वतःची खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. गाळलेले श्लोक फेकलेले नाहीत, त्यांना क्रमांक देऊन तळटीपांत किंवा परिशिष्टांत ठेवले आहे. कोणत्या नियमाने काय निवडले, हे आदिपर्वाच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत सुखठणकरांनी 1933 मध्ये सांगून टाकले. त्यामुळे पॅरिस किंवा शिकागोत बसलेल्या अभ्यासकाला संपादकाशी असहमत व्हायचे असेल तर त्यासाठी लागणारा पुरावा संपादकानेच त्याच्या हाती दिलेला आहे. तशी असहमती झालीही. मूळ पाठ असा उभा करता येतो का, अशी शंका सिल्व्हाँ लेवी यांनी सुरुवातीलाच घेतली. पुढे मादलेन ब्यार्दो यांनी तर या पद्धतीच्या पायावरच आक्षेप घेतला. पण दोघांचीही भांडणे पुण्यात छापलेल्या पानांशी होती.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नियम लिहून ठेवलेले असल्यामुळे काम वाटून देता आले. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी संपादित केले, उद्योगपर्व बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी, आणि सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. एका नामांकित अमेरिकी पंडिताने पुण्यात ठरलेल्या नियमांनी, पुण्यातून आलेल्या पाठभेदांवर काम केले आणि 1944 मध्ये, जग दुसऱ्यांदा पेटलेले असताना, ते प्रसिद्ध झाले. संशोधनातली भागीदारी म्हणतात ती ही. तिच्यात प्रश्न आपला होता, साधनसामग्री आपण जमवलेली होती, पद्धत जगाला पटेल अशी होती, म्हणून बाहेरचा माणूस बरोबरीने आत येऊ शकला.

आज आपल्या अनेक सहयोगांत याच्या उलट घडते. प्रश्न तिकडे ठरतो, पैसा तिकडून येतो, आणि आपल्याकडून नमुने, आकडे व मुलाखती गोळा करून पाठवायच्या असतात. निबंधावर आपली नावे मधल्या रांगेत येतात. अशा कामातून काही शिकायला मिळत नाही असे मी म्हणणार नाही, तरुण संशोधकाच्या हाताखालून पद्धत जाते हेही खरे. पण विद्यापीठाने एवढ्यावर समाधान मानले तर ते दुसऱ्याच्या कामाचे ठाणे होऊन राहते.

नव्या काळातले उदाहरण पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद गावात आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यांपैकी 14 मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. पत्र्याच्या जड तबकड्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून दोरांनी ताणलेल्या बारीक तारांची जाळी वापरण्याची युक्ती इथे निघाली. लांब तरंगलांबीला जाळीची छिद्रे आड येत नाहीत, वाऱ्याचा जोर मात्र जाळीतून निघून जातो. जगात फारसे कोणी लक्ष देत नव्हते त्या मीटर तरंगलांबीचे क्षेत्र निवडले, म्हणून नक्कल करण्याचा प्रश्नच आला नाही. 2001 मध्ये ही दुर्बीण जगभरच्या वैज्ञानिक समाजाला अर्पण झाली. तो नुसता समारंभ नव्हता. तेव्हापासून कुठल्याही देशातला संशोधक निरीक्षणासाठी प्रस्ताव पाठवू शकतो, समिती त्याची छाननी करते, आणि प्रस्ताव चांगला असेल तर वेळ मिळतो. ठरावीक मुदतीनंतर निरीक्षणांची विदा इतरांनाही खुली होते. 2023 च्या जूनमध्ये, स्पंदकांच्या ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा मिळाल्याचे जगातल्या अनेक गटांनी एकदम जाहीर केले. त्यांत युरोपीय गटाच्या जोडीने खोडदच्या निरीक्षणांवर काम करणारा भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा गटही होता.

हे सगळे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, खास निधी असलेले काम आहे, सामान्य विद्यापीठाला ते कसे जमणार, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली ती मुळात विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठी. देशातल्या कुठल्याही महाविद्यालयातला प्राध्यापक तिथे काही वर्षांसाठी सहयोगी होतो, सुट्टीत येऊन राहतो, ग्रंथालय आणि संगणक वापरतो, परदेशातून आलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञाशेजारी बसून जेवतो आणि पुन्हा आपल्या गावी शिकवायला जातो. छोट्या गावच्या शिक्षकासाठी आणि केंब्रिजच्या पाहुण्यासाठी आत यायची वाट इथे एकच आहे, ही मला या संस्थेची मोठी गोष्ट वाटते. आपल्या विद्यापीठांच्या विभागांत संलग्न महाविद्यालयांतले शिक्षक असे किती येतात? एखाद्या विभागाला आपल्याच जिल्ह्यातला प्राध्यापक संशोधनात सामावून घेता येत नसेल, तर परदेशी अभ्यासकाला तो काय सामावून घेणार?

आता अध्यापनाकडे येऊ. हा भाग सर्वांत अवघड आहे, कारण संशोधन छापले जाते पण शिकवणे वर्गाच्या दाराआड होते. ते परक्याला कसे वाचता यावे?

युरोपला हा प्रश्न आपल्या आधी पडला. 1987 मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतले 3,244 विद्यार्थी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेले. ते परत आले तेव्हा तिकडे शिकलेले इकडे कसे धरायचे, हा पेच पडला. त्यातून श्रेयांकांची पद्धत घडत गेली: वर्षाला 60 श्रेयांक, आणि प्रत्येक विषयासाठी विद्यार्थ्याला किती तास काम करावे लागते व शेवटी त्याला काय करता आले पाहिजे याची लेखी नोंद. 1999 च्या बोलोन्या जाहीरनाम्यावर 29 देशांनी सह्या केल्या त्याच्या आधी हा चिकट, कंटाळवाणा तपशील दहाएक वर्षे घासला गेला होता. आपल्याकडे 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांक पेढी आली, वर्षाला 40 श्रेयांक आणि 1,200 तास असे राष्ट्रीय परिमाण ठरले, आणि 2022 च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदव्यांना वाट करून दिली. कायद्याच्या बाजूने आता फार मोठी अडचण उरलेली नाही. चाळीसचे साठ करणारे त्रैराशिक तर कोणीही मांडेल. खरी अडचण पुढे आहे. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत आपण घटकांची नावे आणि तासिका लिहितो. त्या घटकात विद्यार्थी काय वाचतो, काय लिहितो, कशावर वाद घालतो आणि त्याची परीक्षा कशी होते, हे त्या पुस्तिकेवरून परक्याला कळत नाही. गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहिल्याशिवाय ते आपल्यालाही कळत नाही.

शिकवणे जगाशी जोडायचे म्हणून वर्गातली सगळी मुले परदेशी पाठवणे तर कोणालाच परवडणारे नाही. स्वीडनमधल्या माल्मो शहरात 1998 मध्ये नवे विद्यापीठ निघाले तेव्हा त्याच्याकडे परदेशी विद्यापीठांचे जाळे नव्हते. पण शहरातच नाना देशांतून आलेली मोठी वस्ती होती. बेंग्त नील्सन यांनी तिथे विचार मांडला की बहुसंख्य विद्यार्थी कधीच बाहेर जाणार नाहीत, तेव्हा घरच्या घरी, नेहमीच्याच अभ्यासक्रमात जग आणले पाहिजे. हा विचार पुढे युरोपभर पसरला. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने 2006 च्या सुमारास त्याच दिशेने एक साधी रीत रुळवली: दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या वर्गांना काही आठवडे एकच काम देतात, मुले ऑनलाइन गटांत ते मिळून करतात, आणि प्रत्येक वर्गाचे गुण आपापल्या विद्यापीठात धरले जातात. प्रवास नाही, शुल्क नाही. लागतात ते एकमेकांवर विश्वास असलेले दोन शिक्षक.

यातून काय होऊ शकते याचे एक चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. 2021 च्या जुलैत, चौदा-पंधरा तारखेला, जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. नेदरलँड्सच्या लिम्बर्ग प्रांतात व्हाल्कन्बुर्ख पाण्याखाली गेले. आठवड्याभरात, बावीस तारखेला, वाशिष्ठीने चिपळूण बुडवले आणि त्याच दिवसांत पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले. जर्मनीत एकशे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. हवामानखात्याचे इशारे असूनही ते लोकांपर्यंत वेळेवर आणि नीट पोहोचले नाहीत, यावर तिथे मोठा वाद झाला. कोल्हापूरचा भूगोलाचा वर्ग आणि आखेन किंवा मास्ट्रिखचा वर्ग यांनी एक सत्र मिळून एवढाच प्रश्न घ्यावा: इशारा माणसापर्यंत पोहोचतो कसा आणि वाटेत कुठे अडतो? आपल्या मुलांनी राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या नोंदी काढाव्यात, शिरोळच्या गावांत जाऊन 2005, 2019 आणि 2021 च्या आठवणी नोंदवाव्यात, जनावरे सोडून लोक का निघत नाहीत ते समजून घ्यावे. तिकडच्यांनी आपल्या खोऱ्यात तेच करावे. मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. या कामात कोल्हापूरचा विद्यार्थी मदत मागणारा असणार नाही, तीन महापुरांची माहिती घेऊन बसलेला असेल. आणि आपली नोंद दुसऱ्या देशातल्या मुलाला कळेल अशी लिहिताना किती गोष्टी आपण गृहीत धरल्या होत्या हे त्याला उमजेल. ‘रेड झोन’ कोणी आखला, ‘पूररेषा’ कशी ठरते, तलाठ्याचे काम काय, हे समजावून सांगताना तो स्वतः पहिल्यांदा नीट शिकेल. परक्याला समजावण्याचा खरा लाभ हा आहे आणि तो घरच्या विद्यार्थ्यालाच मिळतो.

कार्यालयांबद्दल थोडेच बोलतो, पण बोलायला हवे. परीक्षा विभागाच्या खिडकीवर मोहरबंद गुणपत्रकासाठी आठवडे घालवणारी आपली मुलगी आणि समकक्षतेचा दाखला घेऊन उभा असलेला नेपाळचा किंवा टांझानियाचा मुलगा एकाच अव्यवस्थेतून जातात. निकाल केव्हा लागेल हे सांगता येत नसेल तर कोणत्याही भागीदार विद्यापीठाला सत्र जुळवता येत नाही. टांझानियाहून आलेल्या विद्यार्थ्याला चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. त्यासाठी लागणारे वास्तव्याचे पत्र कोणी द्यायचे, हे वसतिगृहाला माहीत असायला हवे. आजारपणाचेही तसेच. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना शां. ब. मुजुमदारांनी पाहिले की कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देते आहे. परक्या शहरात त्याची चौकशी करणारे दुसरे कोणी नव्हते. त्या अस्वस्थतेतून 1971 मध्ये सिंबायोसिसची सुरुवात झाली. पुढे विद्यापीठ झालेल्या संस्थेचे मूळ एका आजारी मुलाच्या पथ्याच्या डब्यात आहे, हे प्रत्येक कुलसचिवाने ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

परक्याला वाचता यावे म्हणजे सगळे इंग्रजीत करावे, असा अर्थ कोणी काढेल. मी तो काढत नाही. अभ्यासक्रमाचे वर्णन, नियम, निबंधांचे सारांश इंग्रजीत असावेत, त्यात कमीपणा नाही. पण पुण्याकडे जगातले अभ्यासक ज्या ओढीने आले ती पाहिली तर मराठी त्यांना कुंपणासारखी वाटलेली दिसत नाही. ती शिकायलाच ते आले होते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे काम 1960 च्या दशकाच्या आरंभी डेक्कन कॉलेजातून सुरू झाले. 1969 पासून अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी पुण्यात कुटुंबांतून राहून मराठी शिकू लागले. एलिनॉर झेलिएट आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासासाठी आल्या. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर आणि खंडोबाच्या यात्रांत हिंडले. त्यांना इथे मराठी शिकवणारे, दुरुस्त करणारे, वाद घालणारे शिक्षक भेटले. आज आपल्या किती विद्यापीठांत परभाषकाला मराठी शिकवण्याचा चांगला, श्रेणीबद्ध, श्रेयांकांसह अभ्यासक्रम आहे? हा विषय जगात आपल्याइतका चांगला दुसरे कोणी शिकवू शकणार नाही आणि तोच आपण सर्वांत दुर्लक्षित ठेवला आहे. याचे मला मनापासून वाईट वाटते.

शेवटी भागीदारीची गोष्ट. शं. गो. तुळपुळे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. ॲन फेल्डहाउस ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या, महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासक. दोघांनी मिळून प्राचीन मराठीचा कोश करायला घेतला. शिलालेख, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी यांतले शब्द वेचायचे, संदर्भ द्यायचे, अर्थ मराठीत आणि इंग्रजीत सांगायचे, असे हे काम. तुळपुळे 1994 मध्ये गेले. कोश 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, दोघांच्या नावाने. मराठीच्या विद्यार्थ्याला आणि जगातल्या कोणत्याही अभ्यासकाला तो सारखाच उपयोगी पडतो. असा कोश वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारातून आणि एकत्र बसण्यातून तयार होतो, कारण दोन्ही टोकांना तीच माणसे असतात.

म्हणूनच मला सर्वांत मोठी काळजी आजच्या विभागांची वाटते. अनेक ठिकाणी निम्मी पदे रिकामी आहेत आणि शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. ते मनापासून शिकवतात, पण पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे त्यांना ठाऊक नसते. अशा शिक्षकाने आखेनच्या सहकाऱ्याला दोन वर्षांनंतरच्या सत्राचा शब्द कसा द्यावा? प्रस्ताव कोणाच्या नावाने पाठवावा, विद्यार्थ्याचा प्रबंध कोणाच्या हवाली करावा? आंतरराष्ट्रीय कक्षासाठी ज्या विद्यापीठाकडे यंदा पैसे आहेत त्याने ते आधी एखाद्या अशा विभागात घालावेत, जिथे आपल्या मातीतला प्रश्न आहे आणि त्यावर काम करायला तयार असलेला माणूस आहे. त्याला कायम नेमावे, दोन सहकारी द्यावेत, आठवड्याचे काही तास मोकळे ठेवावेत, आणि दहा वर्षे त्याला हलवू नये.